माणूस आणि जागा: बिंग डिव्हाइन यांच्या अदलाबदलींचा हिशेब

१५ ऑक्टोबर १९६४ रोजी सेंट लुईसच्या जुन्या बुश स्टेडियममध्ये वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना सुरू झाला. यजमान कार्डिनल्सच्या बॅटिंग क्रमातली पहिली तीन नावं होती कर्ट फ्लड, लू ब्रॉक आणि बिल व्हाइट; पाचव्या क्रमांकावर डिक ग्रोट. या चौघांपैकी एकही जण कार्डिनल्सच्या हाताखाली घडलेला नव्हता. फ्लड सिनसिनाटीहून आलेला, ब्रॉक शिकागोहून, व्हाइट सॅन फ्रान्सिस्कोहून आणि ग्रोट पिट्सबर्गहून. सात वर्षांच्या काळात चार वेगवेगळ्या सौद्यांत या चौघांना सेंट लुईसला आणलं होतं एकाच माणसानं, जनरल मॅनेजर बिंग डिव्हाइन यांनी. त्या दुपारी कार्डिनल्सनी न्यूयॉर्क यँकीजना ७-५ असं हरवलं आणि १९४६ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली. मात्र त्या संघाच्या कचेरीत डिव्हाइन यांची खुर्ची उरली नव्हती. १७ ऑगस्टला, म्हणजे ५९ दिवस आधी, मालकांनी त्यांना कामावरून काढून टाकलं होतं.

अमेरिकन बेसबॉलमध्ये मैदानावरचे निर्णय संघाचा मॅनेजर घेतो; पण त्याच्या हाती कोणते खेळाडू द्यायचे, हे जनरल मॅनेजर ठरवतो. आपल्याकडे आयपीएलमुळे खेळाडूंचा लिलाव सगळ्यांच्या परिचयाचा झाला आहे. तिथे माणसाची किंमत पैशांत बोलली जाते. बेसबॉलच्या ट्रेडमध्ये मात्र बहुतेक वेळा माणसाच्या बदल्यात माणूस द्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक सौद्यात काहीतरी गमावण्याची तयारी ठेवूनच उतरावं लागतं, आणि म्हणून ट्रेड झाला की दुसऱ्याच दिवशी कोण जिंकलं, कोण फसलं याची चर्चा सुरू होते. डिव्हाइन यांची कारकीर्द तपासली की हा प्रश्नच अपुरा वाटू लागतो. ट्रेडमुळे संघाचं नशीब बदलतं हे खरं, पण ते समोरच्याला लुबाडल्यानं बदलत नाही. आपल्या संघात नेमकी कोणती जागा रिकामी आहे, ती कोणता माणूस भरून काढील आणि तो आल्यावर त्याला ती जागा मनापासून दिली जाईल का, या तीन गोष्टींवर ते ठरतं. डिव्हाइन यांचं यश या तिन्ही गोष्टी जमल्याचं यश आहे. त्यांचं अपयशही यातली एखादी सुटल्याचंच आहे.

डिव्हाइन यांचं वेगळेपण कळण्यासाठी त्यांच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या फ्रँक लेन यांच्याकडे पाहावं लागतं. ‘ट्रेडर लेन’ याच नावानं ते ओळखले जात. आयुष्यभरात त्यांनी शेकडो सौदे केले. १९५५ ते १९५७ या काळात सेंट लुईसला असताना त्यांनी आदल्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवोदित बिल व्हर्डन पिट्सबर्गला देऊन टाकला, आणि लोकांचा लाडका रेड शेनडीन्स्ट न्यूयॉर्कला पाठवला. स्टॅन म्युझियल म्हणजे त्या शहराचं दैवत. त्यालाही फिलाडेल्फियाच्या रॉबिन रॉबर्ट्सच्या बदल्यात देण्याचा विचार पुढे आला, तेव्हा मालक ऑगस्ट बुश यांनी मध्ये पडून तो थांबवला. पुढे क्लीव्हलंडला गेल्यावर लेन यांनी १९६० चा हंगाम सुरू व्हायला दोन दिवस असताना तिथला सर्वांत लोकप्रिय खेळाडू रॉकी कोलाव्हिटो डेट्रॉइटला दिला आणि त्या बदल्यात घेतलेला बॅटर एकाच हंगामानंतर पुन्हा दुसरीकडे पाठवला. त्याच वर्षी त्यांनी चक्क मॅनेजरच्या बदल्यात मॅनेजर घेतला. अशा उलाढालीतून वर्तमानपत्रांना मथळे मिळतात, मालकाला काहीतरी चाललं आहे असं वाटतं. पण संघ उभा राहत नाही, कारण एकाही माणसाला आपल्या जागेवर रुजायला वेळ मिळत नाही. लेन यांच्या नावावर आयुष्यभरात एकही पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, लागलं नाही.

नोव्हेंबर १९५७ मध्ये लेन क्लीव्हलंडला गेले आणि त्यांच्या जागी डिव्हाइन आले. ते सेंट लुईसच्या परिसरातच वाढलेले, तिथल्याच वॉशिंग्टन विद्यापीठात शिकलेले. १९३९ मध्ये कार्डिनल्सच्या कचेरीत पडेल ते काम करणारा तरुण म्हणून ते लागले आणि पुढे छोट्या लीगमधल्या संघांचा कारभार पाहत वर चढले. आपल्या संघात कुठे काय खुपतं, हे त्यांना आतून ठाऊक होतं. नेमणुकीनंतर महिनाभरातच, डिसेंबर १९५७ मध्ये, त्यांनी आपला पहिला ट्रेड केला. तीन पिचर सिनसिनाटीला दिले आणि १९ वर्षांचा, शरीरानं किरकोळ असा कर्ट फ्लड आणि आणखी एक खेळाडू घेतला. सिनसिनाटीकडे मधल्या आउटफील्डसाठी व्हाडा पिन्सन तयार होत होता. फ्लड त्यांच्या दृष्टीनं जास्तीचा होता. सेंट लुईसला मात्र व्हर्डनच्या जाण्यानं तिथेच भगदाड पडलेलं होतं. डिव्हाइन यांची पुढची सगळी पद्धत या एका सौद्यात दिसते. समोरच्याच्या घरात काय जास्तीचं पडलं आहे ते आधी पाहायचं, मग ते आपल्या घरात कुठे बसेल ते तपासायचं, आणि त्यानंतरच किंमत बोलायची.

मार्च १९५९ मध्ये हीच रीत पुन्हा दिसली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे फर्स्ट बेसवर ओरलँडो सेपेडा होता, आदल्याच हंगामातला सर्वोत्कृष्ट नवोदित. त्याच्यामागे विली मॅकोव्ही येऊ घातला होता. लष्करी सेवेतून परतलेल्या बिल व्हाइटला तिथे उभं राहायलाही जागा नव्हती. डिव्हाइन यांनी वेगवान पिचर सॅम जोन्स देऊन व्हाइटला घेतलं. जोन्सनं त्या वर्षी जायंट्ससाठी २१ सामने जिंकले, म्हणून पहिल्या वर्षी हा सौदा सेंट लुईसला महागात पडल्यासारखा दिसला. व्हाइट मात्र पुढची सात वर्षं कार्डिनल्सच्या फर्स्ट बेसचा आधारस्तंभ राहिला. मे १९६० मध्ये पिट्सबर्गशी व्यवहार झाला. तिथे सेकंड बेसवर बिल मॅझेरोस्की असल्यामुळे डोमिनिकन रिपब्लिकचा चपळ तरुण हुलियान हावियेर छोट्या लीगमध्येच अडकून पडला होता. डिव्हाइन यांनी डावखुरा पिचर विल्मर मिझेल देऊन त्याला आणलं. मिझेलनं पिट्सबर्गसाठी त्या हंगामात १३ सामने जिंकले आणि त्या संघानं १९६० ची वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे डिव्हाइन यांच्या या दोन मोठ्या सौद्यांत समोरच्याचंही भलं झालं. ट्रेड ही एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाणारी वस्तू आहे, या समजुतीला याहून स्वच्छ उत्तर सापडणं कठीण आहे. एकाच माणसाचं मोल दोन संघांत वेगळं असतं, कारण त्याच्यासाठी रिकामी असलेली जागा दोन्हीकडे वेगळी असते.

पण माणूस आणला म्हणजे काम झालं, असंही नाही. फ्लड आला १९५७ च्या अखेरीस. त्यानंतरची साडेतीन वर्षं त्याची आत-बाहेर करण्यात गेली. तेव्हाचे मॅनेजर सॉली हेमस यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पिचर बॉब गिब्सनवरही नव्हता. जुलै १९६१ मध्ये डिव्हाइन यांनी हेमस यांना दूर करून जॉनी कीन यांना मॅनेजर केलं. कीन यांची उभी हयात कार्डिनल्सच्या छोट्या संघांत गेलेली. त्यांनी गिब्सनकडे चेंडू सोपवला आणि फ्लडला मधल्या आउटफील्डमध्ये कायमचं उभं केलं. त्याच वर्षी फ्लडची सरासरी .३२२ झाली, आणि १९६३ पासून सलग सात वर्षं उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह त्यानं पटकावला. खेळाडू तोच, करार तोच. फरक पडला तो जागा मिळाल्यानं. याला आणखी एक बाजू आहे आणि ती या काळाच्या इतिहासात टाळता येणार नाही. फ्लड, व्हाइट, गिब्सन आणि नंतर ब्रॉक हे काळे खेळाडू होते. सरावासाठी संघ दर वर्षी फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला जात असे; तिथे गोरे खेळाडू हॉटेलात उतरत आणि काळ्या खेळाडूंना शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी घरी राहावं लागे. मार्च १९६१ मध्ये तिथल्या व्यापारी मंडळाच्या न्याहारीसाठी फक्त गोऱ्या खेळाडूंना बोलावलं गेलं, तेव्हा बिल व्हाइटनं ही गोष्ट पत्रकारांसमोर उघडपणे मांडली. त्यानंतर कार्डिनल्सनी सगळ्या खेळाडूंची कुटुंबांसह एकाच मोटेलमध्ये राहण्याची सोय केली. परक्या घरातून आलेली माणसं एकत्र जेवू लागली, त्यांची मुलं एकत्र खेळू लागली. ट्रेडच्या कागदावर या गोष्टीचा उल्लेख नसतो, पण ट्रेडला फळ धरतं ते अशाच मातीत.

डिव्हाइन यांची खरी कसोटी नोव्हेंबर १९६२ मध्ये लागली. शॉर्टस्टॉपची जागा अजून रिकामी होती. पिट्सबर्गचा डिक ग्रोट १९६० मध्ये बॅटिंगचा विजेता आणि लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. पण आता तो ३२ वर्षांचा होता आणि त्याचे पाय कधीच वेगवान नव्हते. नुकतेच सल्लागार म्हणून परतलेले ब्रँच रिकी या सौद्याच्या विरोधात होते. रिकी म्हणजे बेसबॉलच्या कारभारातलं सर्वांत मोठं नाव. छोट्या संघांचं जाळं विणून त्यातून स्वतःचे खेळाडू तयार करण्याची पद्धत त्यांनी याच कार्डिनल्समध्ये रुजवली होती, आणि १९४७ मध्ये ब्रुकलिनला जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवून वर्णभेदाची भिंत फोडली होती. खेळाडू म्हातारा होण्याच्या एक वर्ष आधी विकावा, उशीर करू नये, असं त्यांचं तत्त्व होतं. त्या तत्त्वाशी ग्रोटला घेणं विसंगतच होतं. रिकींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दहा वर्षांचा संघ बांधणाऱ्यासाठी ते योग्यच होतं. डिव्हाइन यांच्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. फर्स्ट बेसला व्हाइट, सेकंडला हावियेर, थर्डला केन बॉयर असे तीन तरबेज खेळाडू तयार असताना चौथी जागा उघडी ठेवणं म्हणजे त्या तिघांची उमेदीची वर्षं वाया घालवणं. त्यांनी हट्ट धरून सौदा पार पाडला. ग्रोटनं १९६३ मध्ये .३१९ च्या सरासरीनं बॅटिंग केली, आणि त्या जुलैच्या ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगच्या इनफील्डच्या चारही जागांवर सुरुवातीला कार्डिनल्सचेच खेळाडू उभे होते. हावियेरला ती संधी मॅझेरोस्कीच्या दुखापतीमुळे मिळाली. तीन वर्षांपूर्वी ज्याच्यामुळे त्याची वाट अडली होती, तोच हा मॅझेरोस्की. त्या हंगामात संघ ९३ सामने जिंकून दुसरा आला.

हंगामाच्या शेवटी म्युझियल निवृत्त झाला आणि लेफ्ट फील्डला पोकळी निर्माण झाली. १९६४ च्या जूनच्या मध्यापर्यंत ५९ सामन्यांत २८ विजय आणि ३१ पराभव, अशी कार्डिनल्सची अवस्था होती. दहा संघांच्या लीगमध्ये ते तळाच्या अर्ध्यात होते. ट्रेडची मुदत १५ जूनला संपत होती. शिकागो कब्जला पिचर हवा होता, आणि त्यांच्याकडे लू ब्रॉक नावाचा एक कोडं होऊन बसलेला खेळाडू होता. ब्रॉक विलक्षण वेगवान होता. पण शिकागोच्या लहान मैदानात त्याच्याकडून होमरनची अपेक्षा होती, आणि राइट फील्डच्या डोळ्यांवर येणाऱ्या उन्हात त्याच्या हातून झेल सुटत. सरासरी होती .२५१. बदल्यात शिकागोला अर्नी ब्रोलिओ हवा होता, १९६० मध्ये २१ आणि आदल्याच वर्षी १८ सामने जिंकलेला पिचर. लॉस एंजेलिसहून ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात डिव्हाइन यांनी कीन यांच्याजवळ बसून सांगितलं, की ब्रोलिओ दिला तर ब्रॉक मिळतो. मग आपण थांबलो आहोत कशासाठी, एवढंच कीन यांनी विचारलं. विमान उतरल्यावर डिव्हाइन यांनी शिकागोचे जनरल मॅनेजर जॉन हॉलंड यांना फोन लावला आणि १५ जूनला तिघांच्या बदल्यात तिघे असा सौदा झाला. शिकागोच्या पत्रकारांनी कब्जचं अभिनंदन केलं. सेंट लुईसच्या ड्रेसिंग रूममध्ये नाराजी पसरली. १८ सामने जिंकणारा पिचर देऊन हा कोण आणला, असं जुन्या खेळाडूंना वाटत होतं.

कार्डिनल्सनी ब्रॉकला दोनच गोष्टी दिल्या. उन्हापासून दूर लेफ्ट फील्डची जागा दिली, आणि तुला वाटेल तेव्हा पळ, अशी मोकळीक दिली. होमरनचं ओझं खांद्यावरून उतरलं. उरलेल्या हंगामात तो सेंट लुईससाठी .३४८ च्या सरासरीनं खेळला आणि त्यानं ३३ बेस चोरले. संघानं उरलेल्या १०३ सामन्यांपैकी ६५ जिंकले. ब्रोलिओचा कोपर मात्र निकामी होत चालला होता. शिकागोसाठी त्यानं एकूण सातच सामने जिंकले, १९ गमावले आणि १९६६ मध्ये त्याची कारकीर्द संपली. ब्रॉक ३,०२३ हिट आणि ९३८ चोरलेले बेस नावावर घेऊन १९८५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. या सौद्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ब्रोलिओचा हात दुखावलेला होता, म्हणून सेंट लुईसला हे घबाड मिळालं. यात कसब कुठलं? पण ब्रोलिओचा हात ठणठणीत असता, तर शिकागोचं नुकसान कमी झालं असतं. ब्रॉकच्या धावा एकानंही घटल्या नसत्या. आणि ब्रॉक शिकागोतच राहिला असता, तर त्याच राइट फील्डच्या उन्हात होमरनचा पाठलाग करत राहिला असता. ब्रोलिओच्या दुखापतीमुळे हा सौदा दंतकथेसारखा सांगितला जाऊ लागला, एवढंच. कार्डिनल्सना फळ मिळालं ते जागेमुळे.

आता त्या १७ ऑगस्टकडे वळू. उन्हाळ्यात ग्रोट आणि कीन यांच्यात खटका उडाला होता. केव्हा धावायचं आणि केव्हा चेंडू टोलवायचा याच्या खुणा देण्याची मुभा कीन यांनी ग्रोटकडून काढून घेतली, ग्रोट रुसला. संघाची बैठक झाली, ग्रोटनं चूक मान्य केली आणि प्रकरण मिटलं. डिव्हाइन यांच्या लेखी तो विषय संपला होता. म्हणून मला ठाऊक असायला हवं असं संघात काही चाललं आहे का, असं बुश यांनी विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. पुढे हीच गोष्ट बुश यांच्या कानावर बाहेरून गेली आणि आपल्यापासून लपवाछपवी झाली असं त्यांच्या मनानं घेतलं. संघ पहिल्या क्रमांकापासून साधारण नऊ सामने मागे होता. बुश हे बिअरच्या प्रचंड कारखान्याचे मालक. १९५३ मध्ये संघ घेतल्यापासून विजेतेपदाची वाट पाहून त्यांचा धीर सुटला होता. त्यांनी डिव्हाइन यांना काढलं आणि बॉब हाउझम यांना नेमलं. त्यानंतर फिलाडेल्फिया फिलीज १२ सामने शिल्लक असताना साडेसहा सामन्यांनी पुढे असूनही सलग दहा सामने हरले. त्यातले तीन सेंट लुईसमध्ये कार्डिनल्सशी. शेवटच्या दिवशी कार्डिनल्स ९३ विजयांसह एका सामन्यानं पुढे राहिले. वर्ल्ड सिरीज संपल्यावर दुसऱ्याच दिवशी कीन यांनी आधीच लिहून ठेवलेलं राजीनाम्याचं पत्र बुश यांच्या हाती ठेवलं. आणि ‘स्पोर्टिंग न्यूज’नं वर्षातला सर्वोत्तम कारभारी म्हणून निवडलं ते बेकार झालेल्या बिंग डिव्हाइन यांनाच.

इथे दोन आक्षेपांचा विचार करायला हवा. पहिला नशिबाचा. फिलीज कोसळले नसते तर डिव्हाइन यांचं नाव आज कोण घेतं? हे मान्यच करायला हवं, की १९६४ चं पेनंट दुसऱ्याच्या पडझडीतून आलं. पण पडझडीचा लाभ घ्यायला तिथे कुणीतरी तयार असावं लागतं, आणि १०३ सामन्यांत ६५ विजय हे फिलीजनी आंदण दिलेले नव्हते. शिवाय ब्रॉक, फ्लड आणि हावियेर या डिव्हाइन यांच्या तिघांनी १९६७ ची वर्ल्ड सिरीज आणि १९६८ चं पेनंटही मिळवून दिलं. १९६७ च्या सिरीजमध्ये ब्रॉकची सरासरी .४१४ होती. पाच हंगामांत तीनदा कोसळतं ते दुसऱ्याचं घर, असं म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्या संघाचा कणा घरचाच होता. गिब्सन, बॉयर आणि कॅचर टिम मॅकार्व्हर कार्डिनल्सनीच घडवलेले. सातवा सामना गिब्सननं अवघ्या दोन दिवसांच्या विश्रांतीवर शेवटपर्यंत पिच करून जिंकून दिला. मग श्रेय ट्रेडचं कसं? याचं उत्तर असं, की घरच्या खेळाडूंच्या भरवशावर कार्डिनल्स कितीतरी वर्षं मधल्या क्रमांकांत अडकून होते. घरातून काय उगवेल यावर कुणाचा ताबा नसतो; नेमका शॉर्टस्टॉप किंवा नेमका लेफ्ट फील्डर मागून उगवत नाही. ट्रेडचं काम असतं ते उगवलेल्याच्या मधल्या फटी बुजवण्याचं. ते काम सात वर्षं न कंटाळता, एकेक जागा पाहून केलं, म्हणूनच बॉयर आणि गिब्सनच्या गुणांचं चीज झालं.

गोष्ट इथेच थांबवली तर ती सोयीची होईल, पण पुरती खरी होणार नाही. न्यूयॉर्क मेट्समध्ये तीन वर्षं घालवून डिव्हाइन डिसेंबर १९६७ मध्ये सेंट लुईसला परतले, त्याच बुश यांच्या हाताखाली. यानंतरच्या काळात त्यांच्या सहीनं जे सौदे झाले, त्यातला एक बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वांत वाईट सौद्यांत मोजला जातो. डावखुरा स्टीव्ह कार्लटन १९७१ मध्ये २० सामने जिंकला आणि पगारावरून अडून बसला. फरक काही हजार डॉलरांचा होता. बुश संतापले आणि त्याला बाहेर काढा असा हुकूम दिला. फेब्रुवारी १९७२ मध्ये डिव्हाइन यांनी कार्लटनला फिलाडेल्फियाच्या रिक वाइजच्या बदल्यात दिलं. वाइज वाईट पिचर नव्हता. त्यानं सेंट लुईससाठी पुढच्या दोन्ही वर्षी १६-१६ सामने जिंकले. पण कार्लटननं त्याच वर्षी फिलीजच्या एकूण ५९ विजयांपैकी २७ एकट्यानं मिळवले आणि कारकीर्दीत ३२९. ब्रॉकला आणणारा आणि कार्लटनला घालवणारा माणूस एकच, म्हणून काहीजण म्हणतात की ट्रेड हा शेवटी जुगारच. हे म्हणणं टिकत नाही, कारण दोन सौद्यांची सुरुवातच वेगळी होती. ब्रॉकच्या वेळी प्रश्न होता, आपल्याला काय हवं आहे. कार्लटनच्या वेळी प्रश्न होता, कोणाला धडा शिकवायचा आहे. पिचिंगमध्ये कोणती जागा रिकामी होती म्हणून हा सौदा झाला नाही. रागाच्या भरात चांगली भरलेली जागा रिकामी केली गेली. १९६४ मध्ये बुश यांनी डिव्हाइन यांना काढलं ते ज्या रागानं, त्याच रागाचे १९७२ मध्ये डिव्हाइन साधन झाले.

आणि या दोहोंच्या मध्ये आहे तो ऑक्टोबर १९६९ चा सौदा. कर्ट फ्लड तेव्हा ३१ वर्षांचा, संघाचा सहकर्णधार, सेंट लुईसमध्ये सलग १२ हंगाम खेळलेला. त्याचा व्यवसाय, त्याचे मित्र, त्याचं सगळं आयुष्य त्या शहरात होतं. पहाटे आलेल्या फोनवरून त्याला कळलं की तो आता फिलाडेल्फियाचा झाला. मग टपालानं एक छापील फॉर्म आला: खेळाडूच्या मुक्ततेची किंवा बदलीची नोटीस, लागू त्या चौकोनात खूण केलेली, खाली डिव्हाइन यांची सही. १९५७ मध्ये १९ वर्षांच्या ज्या मुलाला आणून डिव्हाइन यांनी आपल्या कामाचा श्रीगणेशा केला होता, त्याला निरोप देणारा कागद तो एवढाच. केवळ खेळाच्या हिशेबानं पाहिलं तर सौद्यात तर्क होता. संघाला ताकदीचा बॅटर हवा होता, आणि बदल्यात आलेल्या डिक ॲलननं पुढच्या वर्षी ३४ होमरन मारले. म्हणजे रिकामी जागा ओळखली होती, भरणारा माणूसही बरोबर शोधला होता. तरीही या सौद्यानं बेसबॉल मुळापासून हादरलं. कारण तोवरच्या प्रत्येक ट्रेडमध्ये दोनच पक्ष धरले जात होते, देणारा क्लब आणि घेणारा क्लब. ज्याच्या आयुष्याची जागा बदलली जात होती, त्याला कुणी विचारतच नव्हतं.

या न विचारण्याला कायद्याचं कवच होतं. एकोणिसाव्या शतकापासून करारात चालत आलेल्या राखीव कलमामुळे क्लब खेळाडूचा करार दर वर्षी आपल्या मर्जीनं वाढवू शके. म्हणजे खेळाडू निवृत्त होईपर्यंत त्या क्लबचा, किंवा क्लब देईल त्याचा. फ्लडनं २४ डिसेंबर १९६९ रोजी बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून कळवलं, की आपण विकायची-घ्यायची मालमत्ता नाही. फिलाडेल्फिया त्याला १,००,००० डॉलर द्यायला तयार होतं, सेंट लुईसपेक्षा १०,००० जास्त. ते नाकारून तो न्यायालयात गेला. जॅकी रॉबिन्सननं त्याच्या बाजूनं साक्ष दिली. चालू हंगामातला एकही खेळाडू मात्र न्यायालयात येऊन बसला नाही. जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल त्याच्या विरोधात दिला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. १९७१ मध्ये वॉशिंग्टनसाठी जेमतेम १३ सामने खेळून तो मैदानाबाहेर पडला होता. क्लबमालकांचं म्हणणं होतं की हे कलम गेलं तर खेळ बुडेल, कारण श्रीमंत क्लब सगळे खेळाडू पळवतील आणि जनरल मॅनेजरच्या कौशल्याला अर्थच उरणार नाही. ही भीती खोटी ठरली. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयानं ते कलम निष्प्रभ झालं. ट्रेड बंद झाले नाहीत, फक्त त्यांचं गणित बदललं.

डिव्हाइन यांना या गोष्टीत खलनायक करणं सोपं आहे, पण ते न्यायाचं होणार नाही. त्यांनी १९६९ मध्ये जे केलं ते त्या काळातला प्रत्येक जनरल मॅनेजर करत होता, आणि त्यांच्याइतक्या बारकाईनं माणूस पारखणारे त्यांच्यातही थोडेच होते. म्हणूनच त्यांचं उदाहरण बोलकं आहे. एका खेळाडूला आपल्या घरात उपरा झालेला पाहून जो त्याच्यासाठी योग्य घर शोधू शकला, त्याला तोच खेळाडू १२ वर्षांनी त्या घरातला माणूस झाला आहे हे दिसलं नाही. दिसलं असतं तर कदाचित सौदा तोच झाला असता. पण आधी समोर बसून बोलणं झालं असतं. न्यायालयात फ्लड हरला, तरी पुढच्याच वर्षी, १९७३ च्या करारात, खेळाडूंच्या संघटनेनं एक नियम मिळवला. लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही. तेव्हापासून अशा खेळाडूचा सौदा करायचा असेल, तर जनरल मॅनेजरला फोन आधी त्याला करावा लागतो, आणि उत्तराची वाट पाहावी लागते. ऑक्टोबर १९६९ मध्ये हा नियम असता, तर कर्ट फ्लडची १२ वर्षं त्याला पुरून उरली असती.